देवमनजींचं मादागास्कर

आठवडी बाजारात देवमनजींकडून वांगी घ्यायची असली की आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. भाव मागाहून. नाचणगावच्या आपल्या वाडीतली वांगी, भेदरं म्हणजे टमाटे आणि मेथीच्या जुड्या पोत्यावर मांडून ते उकिडवे बसलेले असत. डोक्यावर शिंदीच्या पानांची, रुंद काठाची टोपी. तशी टोपी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर मी पाहिलेली नाही. गिऱ्हाईक वाकलं की ते टोपीखालून त्याला एकदा नीट न्याहाळत आणि विचारत, "चारी बाजूनं पानी हाय. देश गरीब हाय. त्यानं काय कराव?"

नवखं गिऱ्हाईक गांगरून जाई. पावभर वांग्यांसाठी ही कसली परीक्षा, असं वाटून काही लोक शेजारच्या दुकानाकडे सरकत. जुनी गिऱ्हाइकं तयारीनं येत. कुणी म्हणालं, मासे पकडावे, तर देवमनजी म्हणत, "तू महिनाभर तेच खाऊन पाह्य, मंग सांगजो." आणि मुकाट वांगी तोलून देत. उत्तर जरा बरं वाटलं तर चिमूटभर आणि खरोखर पटलं तर मूठभर सांभार पिशवीत फुकट पडे. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी सबंध वर्ष सांभार विकत घेतला नव्हता. बाजाराच्या आदल्या दिवशी त्या नवऱ्याला समोर बसवून नवीन उत्तर तयार करून घेत.

त्या देशाचं नाव मादागास्कर. बाजारातल्या निम्म्या लोकांना ते आडनाव वाटे. देवमनजींचे कोकणाकडचे कोणी व्याही असावेत, धंद्यात बुडाले असावेत, अशी एक समजूत पुष्कळ वर्षं टिकून होती. लोक काळजीनं विचारत, "आता बरं हाय का मादागास्करांचं?" देवमनजी तितक्याच गंभीरपणे सांगत, "कायचं बरं! मागच्या महिन्यात वादळ आलतं. घरं उडाले."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि एका संघटनेसाठी पत्रकं लिहीत असे. पत्रकात जे लिहिता येत नाही ते जगात नसतंच, असं माझं मत होतं. बाजारात भाजी विकणाऱ्या बाया उन्हात, चिखलात, जमिनीवर बसायच्या. बाजाराचा कर गोळा करणाऱ्याला मात्र झाडाची सावली आणि खुर्ची. जो घेतो त्याला सावली आणि जी देते तिला ऊन, हे मला तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही होत नाही. सिमेंटचे ओटे आणि वर पत्रे, या मागणीसाठी आमच्या संघटनेनं सह्या गोळा करायला घेतल्या आणि मी कागद घेऊन देवमनजींसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी प्रश्न टाकला. मला तर पर्वणीच. मी उभ्या उभ्या वीस मिनिटं बोलले. गोऱ्या लोकांनी केलेली लूट, बड्या कंपन्या, कर्जाचा फास, स्वस्तात उचलला जाणारा माल, सगळं सांगितलं. मागे गिऱ्हाइकं थांबली होती, एका म्हाताऱ्यानं तर टाळी वाजवली. देवमनजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. गोरे गेले. कंपन्या बी गेल्या. मंगळवारी सकाळी तिथल्या बाईनं चुलीवर काय ठेवाव?"

मी सह्यांचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली, पण सांभार दिला नाही.

वर माझं पत्रक वाचून दाखवायला लावलं. ते झाल्यावर म्हणाले, "मागन्या बारा हायेत. देनारा एकच हाय. पोरी, त्याची पहिली वाचून व्हाच्या आंधीच त्याचा चहा येईन." मला फार राग आला. त्या बारा मागण्यांसाठी आम्ही दोन बैठका घेतल्या होत्या. पण घरी जाऊन मी अकरा मागण्या खोडल्या. एकाच ओळीचं पत्रक निघालं: ओटे पाहिजेत, पत्र्यासकट. दोन वर्षांनी ओटे झाले. पत्रे निम्म्यांवरच पडले, त्याबद्दल मी अजून भांडते आहे; पण झाले. तेव्हापासून मी कोणतंही पत्रक छापण्याआधी नाचणगावला त्यांच्या वाडीत नेऊन वाचून दाखवू लागले आणि मादागास्करची गोष्ट मला तिथं कळली.

वर्ध्याच्या आसपास खेडी सुधारायचं शिक्षण देणाऱ्या संस्था इतक्या आहेत, की खेडी कमी पडावीत. नव्वदीच्या सुरुवातीला अशाच एका संस्थेत गरीब देशांतली काही तरुण मुलंमुली शिकायला आली होती. शेणगॅस, हातपंप, गांडूळखत असा अभ्यासक्रम. शेवटचा महिना प्रत्येकानं एकेका खेड्यातल्या घरी राहायचं. देवमनजींच्या वाट्याला मादागास्करची मुलगी आली. नाव हांता. देवमनजींच्या बायकोनं, कौतिकाबाईंनी, पहिल्याच दिवशी तिची शांता करून टाकली.

या दोघांना मूल नव्हतं. महिनाभर घरात एक मुलगी होती. दुभाषा आठवड्यातून एकदा येई. बाकीचे दिवस कौतिकाबाई वऱ्हाडीत बोलत आणि ती तिच्या भाषेत, आणि कामं अडत नसत. ती भाकर थापायला शिकली. तीन वेळा भात खायची. शेतात जाऊन वांग्याची रोपं लावायची. वाडीच्या बांधावरच्या शिंदीच्या झाडाची पानं तोडून तिनं एक टोपी विणली आणि देवमनजींच्या डोक्यावर ठेवली. दुभाष्यानं तिला 'आई' आणि 'बाबा' हे दोन शब्द शिकवले होते. ती दिवसभर तेच वापरायची.

जायच्या दिवशी तिच्या वहीचं शेवटचं पान भरायचं होतं. ज्या घरी राहिलात त्या घरच्या माणसाला आपल्या देशाचा एक प्रश्न विचारा आणि त्याचं उत्तर लिहा, असं त्या पानावर होतं. गावात सहा पाहुणे होते, सहा घरं. शेजारच्या बाबारावांनी 'मेहनत' असं सांगून टाकलं आणि चहा मागवला. एकानं सांगितलं, देवाचं नाव घ्या. हांताचा प्रश्न दुभाष्यानं वाचला: आमचं बेट इतकी वर्षं गरीब आहे, ते गरिबीतून वर कसं येईल?

देवमनजी म्हणाले, "असं उभ्या उभ्या कसं सांगू? कोनाच्या घरादाराचा सवाल हाय. इचार करून सांगतो."

आता, 'विचार करून सांगतो' याचा अर्थ आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. मुलगी पाहायला आलेले लोक ते म्हणतात, निवेदन घेताना साहेब ते म्हणतात. सभ्यपणे वाटेला लावायची ती रीत आहे. साऱ्या जिल्ह्यात हे वाक्य खरं मानणारा एकच माणूस होता, आणि दुर्दैवानं प्रश्न त्यालाच विचारला गेला. दुसरी ती मुलगी. तिनंही ते खरं मानलं. आपला पत्ता एका कागदावर लिहून कौतिकाबाईंच्या हातात दिला आणि गेली.

देवमनजी कामाला लागले. अडचण अशी की बेट म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर वर्धा नदीतलं बेट आलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पात्रात वाळूचा जो उंचवटा उघडा पडतो, ज्याच्यावर लोक डांगरवाड्या लावतात, टरबुजं काढतात, तेवढं. गाढव घेऊन सकाळी निघालं तर न्याहारीच्या आत वेढा पूर्ण. या हिशेबानं त्यांनी दोन वर्षं योजना आखली. सात गावं, एक डोंगा, मधोमध एक विहीर. एक वही भरली. मग शाळेच्या भूगोलाच्या मास्तरांनी जुना नकाशासंग्रह उघडून दाखवला आणि सांगितलं, की देवमनजी, हे बेट आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे, जवळजवळ दुप्पट.

कौतिकाबाई मला सांगायच्या, की ते ऐकून हा माणूस दोन दिवस जेवला नाही. बाजारालाही गेला नाही. तिसऱ्या दिवशी उठला, अंघोळ केली आणि दुकानातून नव्या वह्या घेऊन आला. म्हणाला, "काई हरकत नाई. वार तं सातच राह्यते."

हे वारांचं प्रकरण त्यांच्या योजनेचं मूळ होतं. आपल्याकडे शेजारशेजारच्या गावांचे बाजार एका दिवशी भरत नाहीत, हे आपण इतकं गृहीत धरतो की आपल्याला दिसतच नाही. या गावचा सोमवार, त्या गावचा बुधवार, पलीकडचा शुक्रवार. त्यामुळे एक टोपली भाजी असलेल्या बाईलाही आठवड्यात तीन ठिकाणी बसता येतं. एका ठिकाणी नाही खपलं तर दुसरीकडे. देवमनजींच्या मते हे ज्या कोणी ठरवलं तो फार मोठा माणूस होता. त्यामुळे कोणतीही बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पन बाजार कोन्या वारी?" कुठं नवं धरण होणार, "पन बाजार कोन्या वारी?" दिल्लीत सरकार पडलं, तरी तेच. मादागास्करच्या नकाशातल्या एकेका गावाला ते वार वाटून देत होते. शेजारच्या दोन गावांना एकच वार आला की खोडायचं, पुन्हा सुरुवातीपासून. मी पाहिली तेव्हा नववी वही चालू होती.

हसू नका. मीही हसले होते. मग एका दुपारी त्यांनी मला तो नकाशा दाखवला. रेल्वेच्या रेघांवर त्यांनी पेन्सिल फिरवली होती. म्हणाले, "पाह्य. सगळ्या रेघा समुद्राकडं जाऊन राह्यल्या. एका गावाहून दुसऱ्या गावाले जानारी दाखव." मी शोधलं. फारशी सापडली नाही. जे सांगायला मला वीस मिनिटं आणि अवघड शब्द लागले होते, ते त्यांनी शाळेच्या पेन्सिलीनं दाखवलं होतं. पुढे म्हणाले, की आपल्या गावातून माणूस दुसरीकडं जाता जाता जातो, पाणी पितो, दोन शब्द बोलतो. बेटावर वाटेत म्हणून कुणी येत नाही. जो येतो तो मुद्दाम येतो, आणि मुद्दाम येणारा काहीतरी न्यायलाच येतो.

तिथं व्हॅनिला पिकतो, हे त्यांना कळलं तेव्हा तो खायचा कसा हे कळेना. मी पुलगावहून आइस्क्रीमचा एक कप नेला. वितळून पाणी झालं होतं. त्यांनी आणि कौतिकाबाईंनी चमच्यानं ते चाखलं. कौतिकाबाई म्हणाल्या, छान आहे. देवमनजींनी चमचा चाटून खाली ठेवला. मग त्यांनी वहीत लिहिलं, की ज्या मालाला आपल्या बाजारात गिऱ्हाईक नाही तो अर्ध्या एकरापेक्षा जास्त लावू नये; उरलेल्यात भात, भाजी, आणि बियाणं घरचं. लिहून झाल्यावर कप धुऊन त्यात त्यांनी मिरचीचं बी ठेवलं.

एकदा कुणी सांगितलं, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात बाहेरदेशची पोरं डॉक्टरकी शिकतात. देवमनजी वांग्यांची पिशवी घेऊन गेले आणि फाटकाशी बसले. बारीक डोळ्यांचा एक विद्यार्थी दिसला, त्याला धरलं, तुमच्या देशाबद्दल सांगा म्हणाले. तो मुलगा मणिपूरचा निघाला. त्यानं शांतपणे सांगितलं, बाबा, मी याच देशाचा आहे. देवमनजींना इतकी लाज वाटली की त्यांनी तिथल्या तिथं कान धरले आणि पिशवी त्याच्या हातात दिली. त्या मुलाला हे रोज ऐकावं लागत असणार आणि माफी मागणारा हा पहिलाच असणार, याचा मला आजही संताप येतो. पण देवमनजींनी जाता जाता त्याला बाजाराचा वार विचारलाच. तो म्हणाला, आमच्याकडे एक मोठा बाजार रोज भरतो आणि त्यात विकायला फक्त बाया बसतात.

देवमनजी घरी आले ते अगदी भारावून. मादागास्करचा सगळा बाजार बायांच्या हाती द्यावा, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. कौतिकाबाई तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या साठ जुड्या बांधत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन् आता कोनाच्या हाती हाय वो? तुमी तं टोपी घालून सवाल इचारता नुसते."

देवमनजींनी तेही लिहून घेतलं.

दर जानेवारीत हांताचं कार्ड यायचं. त्यावर तिकडच्या एका झाडाचं चित्र असे, बुंधा जाड आणि वर चार फांद्या, उलटा गाडलेला मुळा वाटावा असं. मागे इंग्रजीत दोन-तीन ओळी. पोस्टमास्तर त्या वाचून सांगत आणि देवमनजी सांगतील ते उत्तर इंग्रजीत लिहून देत. बाबा, विचार झाला का? आई कशी आहे? हे दोन प्रश्न दर कार्डात असत. मग काही खबर: लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. कौतिकाबाईंनी ती कार्डं चुलीमागच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली होती. धुरानं पहिली दोन काळी पडली होती.

कौतिकाबाई एका हिवाळ्यात गेल्या. दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन पत्रक वाचून दाखवायला गेले, तर दारात माणसं बसलेली.

चौदाव्या दिवशी देवमनजी बाजारात आले. नव्या ओट्यावर वांगी मांडली, मेथीच्या जुड्या मांडल्या. जुड्या सैल बांधलेल्या होत्या, उचलल्या की सुटायच्या. प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नाही. लोकांनी भाव विचारला, त्यांनी सांगितला. चार बाजार असेच गेले. आमच्या गल्लीतल्या बाई उत्तर घेऊन जायच्या आणि तशाच परत यायच्या. पाचव्या बाजाराला एका मास्तरांनी वांगी निवडायला घेतली आणि देवमनजी हळूच म्हणाले, "चारी बाजूनं पानी हाय." बाईंनी मला ते निरोप पाठवून कळवलं.

मी ठरवलं, की हे आता पुरं करायचं. एवढं काम नऊ वह्यांत पडून राहायचं म्हणजे काय? माझ्या डोक्यात स्वच्छ होतं: विचार झाला, की तो छापायचा आणि ज्याच्यासाठी केला त्याच्याकडे पोचवायचा. मी उन्हाळाभर बसून वह्यांतून सोळा पानांची पुस्तिका केली. कॉलेजातल्या एका सरांच्या मागे लागून तिचं इंग्रजी करून घेतलं. जाड पाकिटावर हांताचा पत्ता लिहिला. तिकिटं लावायची तेवढी बाकी.

देवमनजींनी पाकीट हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि म्हणाले, वादळाचं राहिलं. वादळ आलं तर बाजाराचा वार बुडतो, त्याचं काय? मी एक पान वाढवलं. मग बकऱ्यांचं राहिलं. बकऱ्या रोपं खातात. मी आणखी एक पान वाढवलं. मग मिठाचं. मग म्हाताऱ्या माणसांनी बाजारात जायचं कसं, याचं. दोन वर्षं गेली. पाकीट नकाशासंग्रहाखाली, तिकिटांवाचून. माझ्यासारख्या माणसाला हे सहन होणं कठीण होतं. मी संघटनेत लोकांना सांगायची, की एका म्हाताऱ्यानं एका अख्ख्या देशाचा प्रश्न सोडवून ठेवलाय आणि बकऱ्यांवर अडवून धरलाय.

त्या जानेवारीत जुन्या पोस्टमास्तरांची बदली झालेली होती. नव्यानं सांगितलं, कार्ड पोचवणं माझं काम, वाचणं नाही. देवमनजींचा निरोप आला, म्हणून मी दुपारी वाडीत गेले. वांग्याच्या ओळींना पाणी सोडलेलं होतं. ते विहिरीशी दगडावर बसले होते. शिंदीची टोपी बाजूला काढून ठेवलेली, काठ ठिकठिकाणी उसवलेला. शेजारी टोपलीत सांभाराच्या जुड्या. मी कार्ड वाचलं. बाबा, विचार झाला का? मला मुलगी झाली. आई कशी आहे?

त्यांनी मला कोरं कार्ड दिलं. मी पेन काढलं आणि म्हणाले, "विचार झाला, असं लिहिते. आणि आज जाताना पाकीटही टाकते."

ते म्हणाले, "नाई. इचार चालू हाय, असं लिही."

मग मी बोलले ते बोलले. म्हणाले, एक बाई दहा-बारा वर्षं तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे. तिचा देश तिथं भोगतो आहे. आणि तुम्ही बकऱ्या मोजत बसला आहात. तुम्हाला उत्तर द्यायचंच नाही, देवमनजी. हे शेवटचं वाक्य मी जरा जोरात म्हटलं असावं, कारण पलीकडच्या वाडीतला माणूस मान वळवून पाहायला लागला.

देवमनजी रागावले नाहीत. दांडातलं पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवून आले, हात पुसले आणि पुन्हा बसले.

"पोस्टाचे मास्तर दरसाली काय लिहित होते, ठावं हाय का तुले? दोनच वाक्य. इचार चालू हाय. आई बरी हाय."

मला पहिल्यांदा काही लक्षात आलं नाही. मग मी मनात मोजलं. कौतिकाबाईंना जाऊन तिसरा हिवाळा होता.

"मागच्या दोन्ही साली?" मी विचारलं.

"हो. मास्तर काई बोलले नाई. लिहून देल्लं." ते टोपीच्या उसवलेल्या काठाकडे पाहत होते. "उत्तर धाडलं का थे खुश होईन. मंग इचारन, आई काय म्हने? आईनं वाचलं का? तिले काय सांगू? सारी दुनिया फिरली तं शांताच्या त्या एका घरी तुही काकू अजून जिती हाय, पोरी. तिथून बी काढून टाकू का मी?"

विहिरीवरच्या मोटारीचा आवाज चालू होता. माझ्या हातात पेन होतं. मी खोटं लिहीत नाही. आजवर माझ्या एकाही पत्रकात मला ठाऊक असलेली खोटी ओळ गेलेली नाही. त्यापायी मी आमच्याच माणसांशी भांडलेली आहे. हे मी इथं सांगते, कारण पुढे मी काय केलं तेही सांगायचं आहे.

मी कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: विचार चालू आहे. वादळाचा प्रश्न सुटला, बकऱ्यांचा राहिला आहे. आई बरी आहे. थोडी जागा उरली होती. मी आणखी एक ओळ लिहिली: मुलीचं नाव काय ठेवलं, असं आई विचारते आहे.

देवमनजी म्हणाले, वाचून दाखव. मी एकेक ओळ मराठीत सांगितली. शेवटची ऐकल्यावर त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली.

मग ते टोपलीकडे वळले, एक जुडी सोडली, आणि माझी पिशवी ओढून घेऊन तिच्यात मूठभर सांभार टाकला.